मी न घातलेले गाऱ्हाणे

पोलीस दूरक्षेत्र, कांदळखोल
दिनांक १७ नोव्हेंबर २०२५

मी, भिकाजी अर्जुन घाडी, वय ७६ वर्षे, धंदा – सध्या काही नाही, पूर्वी मुंबईस छापखान्यात खिळे जुळवत असे, राहणार वरचीवाडी, मौजे कांदळखोल, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग. मोबाईल – स्वतःचा नाही, पत्नीचा आहे व तो ती हातातून सोडत नाही. महिला पोलीस हवालदार अपेक्षा मॅडम यांनी विचारले, त्यावरून समोर बसून सांगतो ते असे.

मी वरील ठिकाणी पत्नी जानकी हिच्यासह राहतो. मुले मुंबईस आहेत. माझी सगळी नोकरी गिरगावातल्या एका छापखान्यात झाली. तेथे शाळेची पुस्तके छापली जात. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटे असते. त्यामुळे पहिलीपासून सातवीपर्यंतच्या कविता मी आधी उलट्या शिकलो आणि मग सुलट्या म्हणू लागलो. चौथीच्या पुस्तकात एका भिजलेल्या पाखराची कविता होती. ती जुळवताना दुपारचे ऊन खिडकीतून बरोबर खिळ्यांच्या पेटीवर येई, आणि ओळ संपली की मी उगाच थोडा थांबत असे, शेजारचा जुळारी म्हणे, घाडी, पाखरू उडालं का अजून आहे, आणि त्या थांबण्यात – मॅडमनी मुद्द्यावर येण्यास सांगितले. हा मुद्दाच आहे. पुढे कळेल.

मॅडम घाटावरच्या असल्याने गाऱ्हाणे म्हणजे काय ते लिहून घेण्यासाठी त्यांनी विचारले. आमच्याकडे गाऱ्हाणे म्हणजे तक्रार नव्हे. जत्रा असो, लग्न असो, होडी पाण्यात लोटायची असो, काम सुरू करण्याआधी देवापुढे उभे राहून सांगायचे की बाबा, आम्ही अमुक करणार, अमुक मागतो, अमुक कबूल करतो. एकाने सांगायचे आणि दर वाक्याला बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचे. होय म्हटले की ते एकट्याचे बोलणे राहत नाही, गावाचे होते. मग ते मागे घेता येत नाही. आमच्या रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणे घालण्याचा मान घाडी घराकडे आहे. वडिलांनंतर चुलते, चुलत्यांनंतर मी. मला माडावर चढता येत नाही. जाळे विणता येत नाही. मुंबईहून परत आल्यावर गावात मला जी काही किंमत आहे, ती या एका कामाची आहे.

सुशांत हा माझ्या पुतण्याचा मुलगा. वय अंदाजे चोवीस. त्याने डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला असून तो कुडाळ येथे जितेंद्र नावाच्या इसमाच्या जाहिरात कंपनीत कामाला आहे. गेल्या उन्हाळ्यात तो आमच्याकडे आला व म्हणाला, “आजोबा, तुमच्या सगळ्या कविता रेकॉर्ड करून ठेवूया.”

मी म्हणालो, “कित्याक? लहानपणी मी म्हणी होतंय तेव्हा तू झोपान जाय होतंस.”

“म्हणान तर रेकॉर्ड होयो. अजून झोप येणा नाय माका.”

मी हरखलो. हे नोंदवावे. माझ्या कविता आजवर कोणी मागून घेतल्या नव्हत्या. छापखान्यात लोक कामात असत आणि घरी जानकी म्हणते, नारळ सोलता सोलता म्हणा, रिकामे बसून म्हणू नका. सुशांतने मागच्या खोलीत जानकीच्या गोधड्या भिंतीला टांगल्या, म्हणजे समुद्राचा आवाज आत येऊ नये. मी त्या गोधड्यांकडे तोंड करून कित्येक दुपारी कविता म्हटल्या. काही दोनदा म्हटल्या, कारण पहिल्यांदा माझे समाधान झाले नाही. तो कानाला यंत्र लावून समोर बसे आणि मान हलवी. मला वाटे, कवितेला हलवतो आहे.

शेवटच्या दिवशी तो म्हणाला, “आजोबा, एक गाऱ्हाणा पण घाला मा.”

मी म्हणालो, “गाऱ्हाणा देवाफुडे. जानकीच्या गोधडीफुडे नाय.”

त्याने आग्रह केला नाही. गोधड्या घडी घालून ठेवल्या, चहा घेतला आणि गेला. मी विषय संपला असे समजलो.

गणपती होऊन गेल्यावर एका बाजाराच्या दिवशी मी कोयत्याला धार लावून घेण्यासाठी कुडाळला गेलो. एस.टी. स्थानकासमोर चहाच्या दुकानात बसलो असता मागे गाऱ्हाणे सुरू झाले. “बा देवा म्हाराजा...” असे ऐकू आल्यावर मी कप खाली ठेवला, चपला काढल्या, उभा राहिलो व हात जोडले. पहिल्या वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हटले. दुसऱ्याला म्हटले. तिसरे वाक्य असे होते – “बाजारपेठेत जा काय नवीन ब्युटी पार्लर उघडला हा, थंय येणाऱ्या बायामाणसांची तोंडा उजळ कर आणि पयल्या शंभर जणींका फेशियल फुकट मेळांदे रे म्हाराजा.” त्यालाही मी होय म्हटले, कारण तोंड सुरू झाले होते.

चहावाला हसत म्हणाला, “काका, तुमचोच आवाज आणि तुमीच होय म्हणतास?”

तेव्हा मला कळले. स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून ओळखू येत नाही. खिळ्यासारखेच आहे ते. चहावाल्याने मोबाईल दाखवला. त्यावर मी नव्हतो. एक समई होती, मागे माडाची झाडे आणि माझा आवाज.

त्यानंतर तो आवाज सगळीकडून येऊ लागला. गच्चीची गळती बंद करणारी कंपनी. सुरमई थाळी. मोबाईलच्या काचा बदलणारे दुकान. आरोंद्याला एका मुलाने नवी मोटारसायकल घेतली, त्याला मी आशीर्वाद दिला, असे त्याची आई बाजारात भेटून सांगू लागली व माझ्या पाया पडली. दोडामार्गचा एक काजूवाला तर मला फोन करून, म्हणजे जानकीला फोन करून, “घाडीकाकांनू, आमच्या गाऱ्हाण्यात ग्रेडिंगचा सांगूक विसारलास” म्हणून रागे भरला. लोक माझ्या आवाजावर नुसते ओठ हलवून स्वतःचे व्हिडिओ करत होते. एक लहान मुलगी तर टॉवेलचा फेटा बांधून करत होती. मॅडम सांगतात की याला ट्रेंडिंग ऑडिओ म्हणतात. तसे लिहावे.

जानकी म्हणाली, “घरात दोन शब्द धड बोलणास नाय, आणि जगभर गाऱ्हाणी घालीत सुटलास!”

मी सांगितले की मी बोललो नाही. ती म्हणाली की मग तुमचे भूत बोलते काय. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत राहिलो, की मी बोललो नाही, मी बोललो नाही. सांगून सांगून घसा बसला. घसा बसल्यावर लोक म्हणाले, इतकी गाऱ्हाणी घालतो, बसणारच.

मी सुशांतला घेऊन कुडाळला जितेंद्रच्या ऑफिसात गेलो. जितेंद्रने मला खुर्ची दिली, गार सरबत दिले आणि पाया पडला. वागणुकीबद्दल माझी तक्रार नाही. त्याने समजावले की माझ्या कवितांवरून संगणक माझा आवाज शिकला आहे. आता गिऱ्हाइकाने दुकानाचे नाव आणि मजकूर लिहून द्यायचा की चहा निवायच्या आत गाऱ्हाणे तयार. ज्याला त्याला त्याच्या नावाचे वेगळे. याला पर्सनलायझेशन म्हणतात, असे तो म्हणाला.

मी म्हणालो, “मी गाऱ्हाणं घालायला नकार दिला होता.”

“दिला होता ना. म्हणून तर आम्ही तुम्हाला त्रास दिला नाही, काका.”

मी सरबताचा पेला खाली ठेवला.

मग त्याने पडद्यावर एक चढती रेघ दाखवली. म्हणाला, “काका, आज कोणीही जाहिरात दोन सेकंद बघत नाही. बोट वर जातं, संपलं. पण गाऱ्हाणं सुरू झालं की आपला माणूस थांबतो. नुसता थांबत नाही, खाली ‘होय म्हाराजा’ लिहितो. आम्ही कुठेही कमेंट करा असं सांगत नाही हं. बाकीच्या कंपन्या त्यासाठी बक्षिसं वाटतात, आमचा मालवणी माणूस आपणहून लिहितो. मग मशीनला वाटतं लोकांना भलतंच आवडलं, ते आणखी लोकांना दाखवतं. मुंबईत, पुण्यात, दुबईत. आणि तुमच्या आवाजात ते जुनेपण आहे ना, शाळेतलं, ते तर सध्या फार चालतं.”

मी म्हणालो, “पण ते गाऱ्हाणं नाहीच. गाऱ्हाणं एका दमात जातं, लोक होय म्हणेपर्यंत थांबायचं नसतं. हा आवाज मध्येच थांबतो. तिथे कवितेची ओळ संपते. पाखराची कविता आहे ती. पार्लरच्या मध्ये पाखरू थांबतंय.”

जितेंद्रने हे कागदावर लिहून घेतले. मला वाटले, त्याला पटले. तो म्हणाला, “थँक यू काका. हे आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या व्हर्जनमध्ये काढून टाकतो.”

परत येताना एस.टी.त सुशांत माझ्याशेजारी बसला होता. तो म्हणाला, “आजोबा, माझी पयलीच नोकरी आसा.” ओरोसपर्यंत दोघेही खिडकीबाहेर बघत होतो.

आता मुख्य प्रकार सांगतो.

आमच्या गावाच्या डोक्यावर कातळाचा सडा, म्हणजे उघडा सपाट माळ, आहे. त्यावर कोणा परगावच्या मालकाने ‘निळाई’ नावाची बंगल्यांची योजना काढली आहे. जमीन त्याने रीतसर घेतली, त्याबद्दल गावाचे म्हणणे नाही. मात्र दर तिसऱ्या वर्षी देवाची पालखी समुद्रस्नानाला त्या सड्यावरून जाते. ती वाट कागदावर नाही, पायाखाली आहे. बंगले घेणारे विचारू लागले की पालखी आमच्या अंगणातून जाणार काय, उद्या भांडण होणार काय. त्यावर उपाय म्हणून मालकाने जितेंद्रकडून जाहिरात करून घेतली. तीत माझा आवाज म्हणतो – बरीच प्रस्तावना, समुद्राचा वारा, मुलाबाळांचे कल्याण वगैरे, आणि शेवटी – “ह्या सड्यावरच्या वाटेचो जो काय हक्क गावाकडे होतो, तो गावान राजीखुशीन सोडल्यान, कोणाची कसलीच हरकत नाय रे म्हाराजा.”

जाहिरात आली त्या दिवशी खाली सगळ्या वाडीने ‘होय म्हाराजा’ लिहिले. मुंबईच्या चाकरमान्यांनी लिहिले. आमच्या देवस्थानचे मुख्य मानकरी सत्यवान गावकर यांनी सर्वात आधी लिहिले. माझ्या पत्नीने जोडलेल्या हातांची चित्रे टाकली. शेवटची ओळ कोणी ऐकली नव्हती. आमच्याकडे गाऱ्हाण्याची शेवटची ओळ कोणी ऐकत नाही, कारण आजवर ऐकण्याची गरज पडली नव्हती.

पुण्याचे एक कुटुंब गाडी घेऊन आले, देवळासमोर उभे राहून म्हणाले, “आम्ही ‘निळाई’त बंगला घेतोय. तुम्ही सगळ्यांनी परवानगी दिलीत, फार छान वाटलं.” तेव्हा गावाने जाहिरात शेवटपर्यंत ऐकली.

त्याच संध्याकाळी देवळात बैठक झाली. सत्यवान गावकर माझ्याच वयाचा, आम्ही एका बाकावर शिकलो. तो सर्वांसमोर म्हणाला, “भिकाजी, देवाची वाट तू सोडलंस.”

“मी तोंडूच उघडूक नाय.”

“आवाज तुझो.”

“आवाज माझो, तोंड माझा न्हय. आणि होय कोणी म्हटल्यान? खाली पयला नाव तुझाच आसा.”

“मी पुरा ऐकूक नाय.”

“मगे होय कित्याक म्हटलंस?”

“गाऱ्हाणा कानार पडला म्हणान! गाऱ्हाणा पडला की होय म्हणूचा, ह्या माका माझ्या बापाशीन शिकयला. तुझ्या आवाजार इश्वास ठेवन म्हटलंय मी. आता तूच सांग, चूक कोणाची?”

मग होय धरायचे की नाही यावर वाद झाला. हौसाबाई, वय ऐंशीच्या पुढे, म्हणाली, “मी अंगठ्यान म्हटलंय रे, तोंडान म्हणूक नाय. अंगठ्याचा धरू नकात.” त्यावर कोणी म्हणाले की देव काय फक्त तोंडाचेच ऐकतो, मनातले ऐकत नाही? मनातले ऐकत असेल तर अंगठा कुठे राहिला? मी म्हणालो, जे बोलणे कोणी बोललेच नाही त्याला दिलेले होय कशाला चिकटणार? सत्यवान म्हणाला, ही तुझी कविता झाली, ह्याने देव ऐकायचा नाही आणि तो बिल्डर तर नाहीच नाही.

शेवटी ठरले ते असे, की माझा आवाज बाटला आहे. तो खरा कोणता आणि खोटा कोणता हे कळेपर्यंत येत्या मार्गशीर्षातल्या जत्रेला मी गाऱ्हाणे घालू नये, गप्प राहावे. मी मान्य केले. मान्य न करून काय करणार. मागून एकजण म्हणाला, त्याचे नाव मी सांगत नाही, “मगे स्पीकरार लावया. आवाज तेंचोच, नी मध्ये खोकणव नाय.” काही लोक हसले. काही हसले नाहीत, विचार करू लागले. मी घरी आलो.

काल दिनांक १६ रोजी रविवारी सड्यावर ‘निळाई’चा शुभारंभ होता. मांडव, खुर्च्या, गाड्या, वरून फिरणारा ड्रोन. टेबलावर पुठ्ठ्याचे छोटे बंगले मांडले होते, निळ्या रंगाचा समुद्रही केला होता. मला बोलावणे नव्हते. मी चढून गेलो. धाप लागली म्हणून मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो. तेवढ्यात मोठ्या स्पीकरवर माझा आवाज सुरू झाला. जितेंद्रने सांगितल्याप्रमाणे सुधारणा केली होती. आवाज आता मध्ये थांबत नव्हता. एका दमात चालला होता. अगदी माझ्यासारखा. तरुणपणीच्या माझ्यासारखा म्हणा.

पाहुणे, वाढपी, ड्रायव्हर, आमच्या गावचे काही लोक, सगळे उभे राहून होय म्हाराजा म्हणत होते. वाटेची ओळ आली. त्यावर माझ्या तोंडून मोठ्याने निघाले, “नाय म्हाराजा!”

गाऱ्हाण्याला नाय म्हणताना मी कोणाला ऐकले नाही. मीही पूर्वी म्हटले नाही. सगळे वळून बघू लागले. स्पीकर मात्र थांबला नाही. तो पुढचे वाक्य बोलू लागला. मी पुन्हा नाय म्हटले. सुशांत मोबाईल हातात धरून माझ्यापाशी आला व हळूच म्हणाला, “आजोबा, बसा खाली, लाईव्ह चालू आसा.”

मी म्हणालो, “मीव अजून जिवंत आसंय. माकाव घे तेच्यात.”

मग मी पुढे जाऊन स्पीकरची वायर ओढली. वायर ओढल्यावर स्पीकरही आला. तो टेबलावर पडला व दोन पुठ्ठ्याच्या बंगल्यांची छपरे उडाली. कोणासही दुखापत झाली नाही. कंपनीच्या लोकांनी माझा हात धरला, मारहाण केली नाही. त्यांनी माझ्याविरुद्ध नुकसानीची तक्रार दिली आहे, ती खरी आहे. वायर मी ओढली. छपरे मुद्दाम उडवलेली नाहीत.

आज सकाळी मी इकडे येण्यास निघालो तेव्हा शेजारच्या मुलीने दाखवले की माझे ‘नाय म्हाराजा’ कालपासून सगळीकडे वाजते आहे. कोणी म्हणतो, “सोमवारी ऑफिसात येतलंस?” की माझा आवाज, “नाय म्हाराजा!” एका केसांच्या तेलाच्या जाहिरातीतही आहे – “आता टक्कल पडतला?” “नाय म्हाराजा!” जितेंद्रने जानकीच्या फोनवर निरोप ठेवला आहे की काका, झालं गेलं विसरा, हे तर त्याहून जोरात चाललंय, एकदा भेटूया. तो निरोप मॅडमनी ऐकला आहे. त्या हसल्या नाहीत याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मॅडमनी मला विचारले की जाहिरातीतला आवाज माझा नाही हे सिद्ध करण्यासाठी माझ्या आवाजाचा नमुना द्यायला मी तयार आहे काय. मी म्हणालो, आनंदाने, पाखराची कविता म्हणतो. त्या म्हणाल्या की कविता चालणार नाही. तपासणाऱ्या तज्ज्ञाला जुळवून पाहण्यासाठी तीच वाक्ये लागतील, जाहिरातीत आहेत ती, जशीच्या तशी, माझ्या तोंडून.

म्हणजे वाट सोडल्याचे वाक्य मी माझ्या तोंडाने म्हणायचे.

मी नकार दिला. मॅडमनी दोन वेळा समजावले की हा फक्त नमुना आहे, देवासमोर नाही, ठाण्यात आहे, खिडकी लावून घेऊ. मी म्हणालो, सुशांतनेही गोधड्या लावल्या होत्या. त्या म्हणाल्या की मग खोटा आवाज खोटा ठरवणे कठीण जाईल, आणि ते ठरले नाही तर जत्रेतले तुमचे कामही जाईल. मी म्हणालो, ते मला समजले आहे. आजपर्यंत ते वाक्य यंत्र बोलले. मी बोललो तर मग ते घाडी बोलला असे होईल. ते वाक्य मी बोलणार नाही.

या वेळी सत्यवान गावकर बाहेरच्या बाकावर बसला होता. गावचा मानकरी म्हणून त्याला माझ्यासोबत बोलावले होते. दार उघडे होते. तो आत आला व म्हणाला, “मगे सुटतलंस कसो?”

“नाय सुटलंय तरी चलात.”

“चलात काय, चलात? जत्रा तोंडार इली.”

“माका तुमीच गप ऱ्हवाक सांगल्यात.”

तो खुर्ची ओढून बसला. म्हणाला, “ता ऱ्हवांदे. समज, गप नाय ऱ्हवाचा. तर काय बोलतलंस?”

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. वडिलांनाही कोणी विचारला नसावा. मी सांगितले की इथे गाऱ्हाणे घालणार नाही, पण काय बोलेन ते सांगतो. त्याने मान हलवली. मी सांगितले. मॅडमनी टायपिंग थांबवले नाही, त्यामुळे ते येथे आले आहे, ते राहू द्यावे :

“बा देवा रवळनाथा, औंदा दुसऱ्यांनी तुझ्या लेकरांच्या तोंडात शब्द घातल्यानी. माझ्या गळ्यात घातल्यानी, तेंच्या अंगठ्यात घातल्यानी. जेंनी न ऐकता होय म्हटल्यानी, तेंचो होय तू ऐकू नको. वाट तुझी आसा, ती सोडूक आमी कोण? माझ्या आवाजार जी दुकाना उघडली, ती बंद पाडू नको, थंय पोरा कामाक आसत. आणि आमचो एक पोरगो आसा. तेका कविता आवडतत असा माका वाटला होता. तेची नोकरी जावक नको. पण कोणाचा काय घेवचा झाला तर आदी विचारूक होया, येवडा तेका शिकव रे म्हाराजा.”

सत्यवान जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, “दुकानांचा काढ. देवळात पार्लराचा नाव नको.”

“नाव घेणंय खंय? नुसती दुकाना म्हटलंय.”

“बरा. ऱ्हवांदे मगे.” मग म्हणाला, “परत एकदा सांग. सावकाश. मी ऐकतंय.”

मी परत सांगितले. तो मध्ये कुठेही होय म्हणाला नाही. पुरे ऐकल्यावर म्हणाला की हेच जत्रेच्या आधी सगळ्या वाडीसमोर सांगावे, कोणाला काही खटकले तर ते तिथेच बोलतील, आणि मग देवासमोर मीच घालावे. स्पीकर लागणार नाही. बाहेर जाताना त्याने मॅडमना विचारले की गावाने अंगठ्याने लिहिलेले होय पुसता येते काय. मॅडमनी येते असे सांगितले. तो स्वतःचे पुसून घेण्यासाठी त्यांच्यापाशी थांबला आहे.

जितेंद्र व त्याच्या कंपनीविरुद्ध माझी तक्रार आहे. माझ्या परवानगीवाचून माझ्या आवाजात केलेली सर्व गाऱ्हाणी काढावीत आणि संगणकात साठवलेला माझा आवाज पुसावा. सड्याच्या वाटेची जाहिरात आधी काढावी, ती अजून चालू आहे. नमुन्यासाठी मी कविता देण्यास तयार आहे, जी सांगाल ती. सुशांतविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याच्याकडच्या माझ्या कविता त्याच्याकडेच राहू द्याव्यात.

वरील मजकूर अपेक्षा मॅडमनी स्वतःच्या तोंडाने मला वाचून दाखवला. मी तो शेवटच्या ओळीपर्यंत ऐकला, आणि ऐकून झाल्यावरच सांगतो की तो माझा आहे व बरोबर आहे.

सही/-
भिकाजी अर्जुन घाडी

समक्ष,
महिला पोलीस हवालदार, दूरक्षेत्र कांदळखोल